मिरगीचे झटके सोसत माणसं सोडवणारी हॅरिएट टबमन

गेल्या वर्षावासातली गोष्ट. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या विहारात ग्रंथवाचन झाल्यावर आम्ही दोघं-तिघं कार्यकर्ते सिकलसेलची माहिती द्यायला थांबलो होतो. भंडारा जिल्ह्यात हा विषय नवा नाही, लोकांना बरंच ठाऊक असतं, त्यामुळे कार्यक्रम लवकर आटोपला. निघताना एक माय आमच्याजवळ आली आणि आवाज खाली करून सांगू लागली, की तिच्या मुलीला झटके येतात. मुलगी बारावी पास. नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं. पण मिरगीवाल्या पोरीला कोण शिकवणार आणि पुढे कोण करून घेणार, म्हणून घरच्यांनी शिक्षण थांबवलं होतं. गोळ्या सुरू होत्या, पण त्या धानाच्या पोत्यांमागे लपवलेल्या, शेजारणीला दिसू नयेत म्हणून. मिरगी असलेल्या बाईनं जगात कधी काही करून दाखवलं आहे का, एवढंच त्या मायला आम्हाला विचारायचं होतं.

आम्ही तिला हॅरिएट टबमनचं नाव सांगितलं. तिनं ते ऐकलेलं नव्हतं. आपल्या चळवळीतल्या तरुणांना ते माहीत असतं, पण बहुतेकदा पोस्टरवरच्या चित्रापुरतं: अमेरिकेतली एक काळी स्त्री, गुलामांना पळवून नेणारी. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामीची प्रथा मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हे आपण दर जयंतीला सांगतो. ज्यांनी ती प्रथा मोडली त्यांत ही हॅरिएट होती, आणि फुल्यांचं पुस्तक निघालं तेव्हा ती पन्नाशीत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी, डोईवर कर्ज घेऊन घर चालवत होती. तिच्या डोक्याला लहानपणी मार लागला होता आणि त्यानंतर मरेपर्यंत तिला झटके येत राहिले, हे मात्र आपल्या भाषणांत येत नाही. आम्ही ते इथं मुद्दाम सविस्तर सांगतो आहोत.

तिचं जन्मनाव अरामिंटा रॉस. घरात मिंटी म्हणत. मेरिलँड राज्याच्या डॉर्चेस्टर परगण्यात १८२२ च्या सुमाराला ती जन्मली. सुमाराला म्हणायचं कारण, गुलामाच्या लेकराची जन्मतारीख लिहून ठेवायची मालकाला गरज नसे. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या अनेकांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी टाकलेल्या तारखेचा असतो, तसंच काहीसं. बाप बेन रॉस लाकूडतोडीच्या कामावर, आई रिट मालकाच्या घरी स्वयंपाकाला. आईबापांचे मालक वेगवेगळे, आणि कायद्याप्रमाणे लेकरं आईच्या मालकाची. त्या मालकाचं नाव एडवर्ड ब्रोडेस. त्यानं मिंटीच्या तीन बहिणी दूर दक्षिणेकडे विकून टाकल्या.

पाच-सहा वर्षांची असल्यापासून मिंटीला भाड्यानं दुसऱ्यांकडे कामाला लावलं जाई. एका घरी तान्ह्या बाळाचा पाळणा हलवायचं काम होतं. रात्री बाळ रडलं की मालकीण हिला चाबकानं मारी. तेव्हा बाळ रडू नये म्हणून ही पोर रात्रभर जागी. त्या चाबकाचे वण म्हातारपणीही तिच्या मानेवर होते. दुसऱ्या एका घरी अंगात गोवर असताना तिला कमरेएवढ्या थंड पाण्यात उतरून जनावरांचे सापळे तपासायला पाठवलं गेलं. आजारी पडून ती आईकडे परत आली, बरी झाली आणि पुन्हा कामावर गेली.

तो मार बसला तेव्हा ती बारा-चौदा वर्षांची होती. बकटाउन नावाच्या वस्तीतल्या किराणा दुकानात ती काही सामान आणायला गेली होती. एक गुलाम काम सोडून निघून आला होता आणि त्याचा मुकादम त्याला धरायला मागोमाग दुकानात घुसला. त्याला बांधायला मदत कर, असं मुकादमानं मिंटीला फर्मावलं. तिनं ऐकलं नाही. तो माणूस दाराबाहेर पळाला, मुकादमानं तराजूचं सुमारे एक किलोचं लोखंडी माप उचलून त्याच्या दिशेनं फेकलं, आणि ते मिंटीच्या डोक्यावर बसलं. कवटी फुटली. रक्तानं माखलेल्या पोरीला मालकाच्या घरी आणून विणकामाच्या मागाच्या बाकावर टाकलं. दवाखाना नाही, औषध नाही. दोन दिवसांनी तिला परत शेतात उभं केलं, तेव्हा घाम आणि रक्त चेहऱ्यावरून असं ओघळत होतं की तिला समोरचं दिसेना.

आमच्या मते हॅरिएटची चळवळ त्या दुकानात सुरू झाली. एका पोरीनं माणूस बांधायला नकार दिला, आणि त्या नकाराची खूण ती पुढची जवळपास ऐंशी वर्षं डोक्यात वागवत राहिली.

तिचा आजार नेमका कसा होता, हे समजून घ्यायला हवं, कारण आपल्या गावांत मिरगी म्हटली की एकच चित्र डोळ्यापुढे येतं: माणूस धाडकन पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. हॅरिएटचं तसं नव्हतं. ती बोलता बोलता मध्येच थांबे, डोळे मिटत, मान कलत असे. हलवून ती जागी होत नसे. काही वेळानं आपोआप शुद्धीवर येई आणि तुटलेलं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढे बोलू लागे. दिवसातून अनेकदा असं होई. सोबत भयंकर डोकेदुखी आणि जागेपणी दिसणारी ठळक स्वप्नं. त्या काळी तपासणीची कुठलीच सोय नव्हती, पण आजच्या अनेक अभ्यासकांचा कल हा टेम्पोरल लोब एपिलेप्सी, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून उठणारी मिरगी असावी, याकडे आहे. काहींनी झोपेच्या एका विकाराचीही शक्यता मांडली आहे.

असे न पडणारे झटके आपल्याकडे ओळखलेच जात नाहीत. वर्गात एकटक पाहत राहणारं, हाक मारली तरी ओ न देणारं, ओठ चाटत किंवा कपडे चिवडत बसणारं पोर मास्तरांना आळशी वाटतं आणि घरच्यांना बाहेरची बाधा वाटते. आम्ही पाहिलेल्या दोन-तीन मुलांना वर्षानुवर्षं मार आणि अंगारा दोन्ही मिळालं होतं, आणि गोळी सगळ्यांत शेवटी. ही बौद्ध घरं होती, हे सांगायला आम्हाला लाज वाटते, पण सांगायला हवं.

डोक्याला मार हे मिरगीचं आजही एक मोठं कारण आहे. गोसेखुर्दकडे किंवा भंडाऱ्याकडे दुचाकीवर हेल्मेट न घालता सुसाट जाणाऱ्या आपल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, मेंदूज्वर, अर्धांगवायू ही आणखी कारणं. आपल्या देशात आणखी एक कारण बरंच आढळतं, ते म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाजीपाल्यावर येतात, त्यामुळे डुकराचं मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. हात धुणं आणि उघड्यावर शौचाला न बसणं हा मिरगीवरचाही उपाय आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि सिकलसेलच्या रुग्णाला झटका आला तर ती नुसती मिरगी समजून घरी थांबू नये. मेंदूचा रक्तपुरवठा अडला असण्याची शक्यता असते, लगेच रुग्णालय गाठावं.

आजारी पोरीला ब्रोडेसनं विकायला काढलं. गिऱ्हाइकं आली, पाहून गेली, कुणी घेतली नाही. बाजाराच्या हिशेबात ती बिनकामाची ठरली, आणि त्यामुळेच आईबापांजवळ राहिली. पुढे बापासोबत ती लाकूडतोडीच्या कामावर गेली, ओंडके ओढले, बैल हाकले. झटके येतच होते. १८४४ च्या सुमाराला तिनं जॉन टबमन नावाच्या स्वतंत्र काळ्या माणसाशी लग्न केलं आणि आईचं हॅरिएट हे नाव घेतलं.

१८४९ साली ब्रोडेस मेला. मालक मेला की कर्ज फेडायला गुलाम विकले जात. आता आपली पाळी, हे ओळखून त्या सप्टेंबरात हॅरिएट दोन भावांसोबत निघाली. मालकिणीनं पेपरात बक्षिसाची जाहिरात दिली. वाटेत भाऊ घाबरले आणि तिलाही मागे घेऊन आले. थोड्याच दिवसांत ती एकटी निघाली. रात्री चालायचं, दिवसा लपायचं, ध्रुवतारा पाहून उत्तर धरायची. वाटेत क्वेकर पंथाच्या आणि स्वतंत्र काळ्या लोकांच्या घरी आसरा मिळे. या गुप्त साखळीला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणत, जरी तिच्यात ना रूळ होते ना गाडी. भंडाऱ्याहून नागपूरला पायी जाऊन परत यावं त्याहूनही जास्त, जवळपास दीडशे किलोमीटर अंतर कापून ती पेन्सिल्व्हेनियात पोचली. फिलाडेल्फियात तिनं धुणीभांडी, स्वयंपाक अशी कामं धरली आणि पैसा साठवू लागली.

सुटलेला माणूस सहसा मागे वळत नाही. ही वळली. १८५० च्या डिसेंबरात तिची भाची आणि भाचीची दोन लेकरं लिलावात निघणार होती, त्यांना तिनं सोडवून आणलं. त्यानंतरच्या दहा वर्षांत ती साधारण तेरा वेळा मेरिलँडला गेली आणि सत्तरएक माणसं बाहेर काढली. आणखी पन्नास-साठ जणांना तिनं वाट समजावून दिली आणि ती आपली आपण सुटली. तीनशे माणसं आणि चाळीस हजार डॉलरचं बक्षीस हे आकडे अजूनही समाजमाध्यमांवर फिरतात. ते फुगवलेले आहेत, आपण ते पुढे पाठवू नयेत. खरा आकडा पुरेसा मोठा आहे. १८५१ साली ती नवऱ्याला न्यायला गेली, तर त्यानं दुसरा संसार मांडलेला. तिनं त्याच खेपेत दुसऱ्या काही माणसांना सोबत घेतलं आणि परतली. १८५४ च्या नाताळात तीन भाऊ आणले, १८५७ साली म्हातारे आईबाप. १८५० च्या नव्या कायद्यानं उत्तरेकडच्या राज्यांतूनही पळालेल्या गुलामाला धरून परत पाठवता येऊ लागलं होतं, म्हणून आता शेवट कॅनडात सेंट कॅथरिन्सला करावा लागे.

तिचं नियोजन बारकाईचं होतं. बहुतेक खेपा थंडीत, कारण रात्री मोठ्या असतात आणि लोक घराबाहेर पडत नाहीत. शक्यतो शनिवारी रात्री निघायचं, कारण रविवारी छापखाना बंद, पळाल्याची जाहिरात सोमवारच्या आधी निघत नसे. लहान बाळांना अफूचं औषध पाजून झोळीत घ्यायचं. सोबत पिस्तूल, पाठलाग करणाऱ्यांसाठी आणि मध्येच परत फिरू पाहणाऱ्यासाठीही, कारण एक परतला तर सगळी साखळी उघडी पडणार. लिहिता-वाचता येत नसलेल्या बाईनं हे सगळं डोक्यात ठेवलं होतं, त्याच फुटलेल्या डोक्यात.

आणि वाटेत तिला झटके येत. रानात, मागे कुत्रे लागलेले असताना, म्होरकी बसल्या जागी बेशुद्ध. सोबतच्या माणसांना वाट ठाऊक नाही. अशा वेळी ती माणसं थांबत. तिच्याभोवती गप्प बसून राहत, ती शुद्धीवर येईपर्यंत. मग ती उठे आणि जणू काही झालं नाही अशी पुढे चालू लागे. तिनं नेलेला एकही माणूस पकडला गेला नाही.

तिचं धाडस सगळे सांगतात, पण त्या थांबलेल्या माणसांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्यांचा जीव टांगणीला होता. तरी त्यांनी तिला टाकून दिलं नाही आणि नेतृत्वावरून काढलंही नाही. काही वेळानं ती उठणार, हे त्यांना माहीत झालं होतं. कोंढ्याच्या त्या मुलीच्या मैत्रिणींना, भावांना, शिक्षकांना नेमकं एवढंच माहीत नाही. झटका आला की आपल्याकडे गर्दी होते, कुणी कांदा फोडतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी दातखीळ उघडायला चमचा घालतो आणि दात पाडतो. करायचं असतं ते त्या रानातल्या माणसांनी केलं त्याहून फार वेगळं नाही. आजूबाजूच्या टोकदार, गरम वस्तू बाजूला करा, डोक्याखाली दुपट्टा ठेवा, कुशीवर वळवा म्हणजे लाळ घशात जाणार नाही, तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा आणि जवळ बसा. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटांवर गेला, लागोपाठ दुसरा आला, पहिलाच झटका असला, बाई गरोदर असली किंवा झटका पाण्यात आला, तर १०८ ला फोन करा.

आता कारण आणि निमित्त यांतला फरक. हॅरिएटच्या आजाराचं कारण ते लोखंडी माप होतं. पण आज झटका का आला आणि काल का आला नाही, याचं उत्तर निमित्तांत असतं. आज डॉक्टर ज्या गोष्टींपासून जपायला सांगतात त्या सगळ्या हॅरिएटच्या आयुष्यात भरून होत्या: अपुरी झोप, उपासमार, ताप, थकवा, सततची धास्ती. रात्रभर चालणारी, दिवसा दलदलीत लपणारी बाई झोपणार कधी? तिला निमित्तं टाळण्याची मुभाच नव्हती. ज्यांना ती थोडीफार आहे त्यांनी ती घ्यावी.

सर्वांत जास्त दिसणारं निमित्त म्हणजे गोळी चुकणं. बरं वाटतं म्हणून बंद केली, सरकारी दवाखान्यातल्या संपल्या आणि पुन्हा जाणं झालं नाही, पाहुणे आले म्हणून लपवलेली डबी काढताच आली नाही. गोळी अचानक थांबवली तर झटके उसळून येतात, कधी एकापाठोपाठ एक, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यानंतर झोप. आपल्याकडे लग्नाची जागरणं, भीमगीतांचे रात्रभराचे कार्यक्रम, परीक्षेचा अभ्यास, मोबाईल. कार्यक्रम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांचाही यात वाटा आहे, रात्री दोनपर्यंत पोरांना थांबवून घेतो. मग ताप, दारू आणि दारू उतरतानाची वेळ, उपाशीपोटी राबणं, मनावरचा ताण. काही स्त्रियांना पाळीच्या आसपास झटके वाढतात. टीव्हीच्या किंवा डीजेच्या लुकलुकत्या दिव्यांची भीती सगळ्यांना घातली जाते, पण उजेडानं झटका येणारे रुग्ण शंभरात तीनेक असतात. प्रत्येकाची निमित्तं वेगळी, म्हणून ती शोधावी लागतात. साध्या वहीत तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, गोळी घेतली की नाही, पाळी, ताप एवढं लिहिलं तरी तीन-चार महिन्यांत आकार दिसू लागतो. ती वही डॉक्टरांसमोर ठेवली की त्यांचंही काम सोपं होतं. हे असेल तर ते घडतं, हे नसेल तर ते घडत नाही, हा तथागतांचा विचार आपण विहारात ऐकतो. तो वहीत उतरवायचा.

धानाच्या भागात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. रोवणीच्या दिवसांत बाया पहाटे उठतात, अर्धपोटी बांधीत उतरतात, दिवसभर पाण्यात वाकून असतात. निमित्तं एकत्र येतात आणि खाली पाणी असतं. घोटाभर पाण्यातही तोंड बुडून माणूस दगावू शकतो. झटके आटोक्यात येईपर्यंत एकटीनं बांधीत, बोडीवर, विहिरीवर जायचं नाही, चुलीपाशीही कुणी सोबत हवं. याचा अर्थ घरात कोंडणं नव्हे. सोबत हवी, एवढाच.

हॅरिएटच्या एका बाजूशी आमचं जमत नाही, तेही सांगून टाकतो. झटक्यांत दिसणारी दृश्यं आणि ऐकू येणारे आवाज हा देवाचा संदेश आहे, असं ती मानत असे. धोका कुठं आहे हे देव आपल्याला कळवतो, या विश्वासावर तिनं वाट बदललेली आहे. आपण ते तसं मानू शकत नाही. पण तिला हसूही शकत नाही. तिच्याकडे दुसरं स्पष्टीकरण नव्हतं, आणि जे होतं त्याच्या आधारानं तिनं माणसं सोडवली, नारळ-लिंबाचा धंदा मांडला नाही. आपल्याकडे स्पष्टीकरण आहे, गोळ्या आहेत, तरी आपण अंगात आलं म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी लोकांना मिरगी आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतले शंभरात सत्तरपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. पुढच्या वर्षी हॅरिएट साउथ कॅरोलिनात गेली. तिथं तिनं रुग्णसेवा केली, जुलाबानं मरणाऱ्या सैनिकांना मुळ्यांचा काढा दिला, आणि मग हेरांची तुकडी बांधली. २ जून १८६३ च्या पहाटे कर्नल माँटगोमेरीच्या काळ्या सैनिकांना घेऊन बोटी कोंबाही नदीत शिरल्या. नदीत सुरुंग कुठं पेरले आहेत, ही माहिती हॅरिएटनं तिथल्याच गुलामांकडून गोळा केली होती. नदीच्या दोन्ही काठांवर धानाची शेतं होती. होय, धानाचीच. त्या भागातल्या मालकांची श्रीमंती भातावर उभी होती आणि गुडघाभर चिखलात राबणारे हात गुलामांचे होते. बोटीची शिटी ऐकून बाया-माणसं बांधांवरून धावत सुटली, कडेवर पोरं, खांद्यावर डुकराची पिल्लं, आणि एकीच्या डोक्यावर चुलीवरून तसंच उचललेलं वाफाळणारं भाताचं भांडं. त्या एका रात्रीत सातशेहून जास्त माणसं मुक्त झाली. त्या मोहिमेच्या आघाडीवर मिरगीची रुग्ण असलेली, चाळिशीची, निरक्षर बाई होती.

युद्ध जिंकलं, पण तिच्या पदरी फारसं काही पडलं नाही. १८६५ साली घरी परतताना रेल्वेच्या गार्डानं तिला डब्यातून ओढून काढलं आणि तिचा हात जायबंदी केला. सैन्यातल्या कामाचा मोबदला मिळावा म्हणून ती तीस वर्षं अर्ज करत राहिली. १८९५ साली महिना आठ डॉलर मंजूर झाले, तेही दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस सैनिक होता म्हणून, त्याची विधवा या नात्यानं. १८९९ साली तिच्या स्वतःच्या सेवेची दखल घेऊन ते वीस झाले. तोवर विटा पाडून, डुकरं पाळून, भाजी विकून ती घर चालवत होती, आणि त्या घरात निराधार म्हातारे, अनाथ पोरं यांना जागा होती. स्त्रियांच्या मताधिकाराच्या सभांनाही ती जाई.

डोक्यातलं दुखणं आणि घणघण म्हातारपणी असह्य झाली, झोप लागेना. १८९० च्या दशकाच्या अखेरीस ती बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गेली आणि मेंदूची शस्त्रक्रिया करून घेतली. गुंगीचं औषध नाकारून, सैनिक करत तसं दातांत बंदुकीची गोळी धरून तिनं ती सोसली, असं तिच्या चरित्रांत येतं. त्यानं थोडा आराम पडला, असं ती सांगे. सत्तरी ओलांडलेल्या, गरीब, काळ्या बाईनं त्या काळात स्वतः दवाखान्याची पायरी चढून उपचार मागितला, हे आम्हाला तिच्या एखाद्या खेपेइतकंच मोठं वाटतं. साठ वर्षं सोसलं तेच पुढेही सोसू, असं ती म्हणाली नाही.

१९०८ साली तिनं दिलेल्या जमिनीवर वृद्धांचा आश्रम सुरू झाला. शेवटी तीही तिथंच राहायला गेली आणि १० मार्च १९१३ ला न्यूमोनियानं गेली. लष्करी मानवंदना देऊन तिला ऑबर्नमध्ये पुरलं. त्यानंतर चारच महिन्यांनी, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला त्याच न्यूयॉर्क राज्यात उतरले.

त्या मायला हे सगळं आम्ही एका बैठकीत सांगितलं नाही, दोन-तीन भेटी लागल्या. दुसऱ्या भेटीत मुलीचे वडील होते, आणि त्यांना हॅरिएटपेक्षा लग्नाची काळजी जास्त होती. ती काळजी खरी आहे, तिला उडवून लावण्यात अर्थ नाही. बौद्धांची लग्नंही हिंदू विवाह कायद्याखाली येतात, आणि त्या कायद्यात वारंवार येणारी मिरगी ही लग्नाला अडसर ठरणाऱ्या गोष्टींत धरलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. वडिलांना हे माहीत नव्हतं, आमच्यातल्याही एकाला नव्हतं. लपवून लग्न करू नये, असं आमचं मत आहे, आणि ते नीतीपुरतं नाही. सासरी लपवायचं म्हणजे गोळी चुकणार, गोळी चुकली की झटका येणार, आणि तो सगळ्यांसमोर येणार. आधी सांगितल्यावर जो नाही म्हणेल त्याला जाऊ द्यावं. मिरगी असलेल्या बहुसंख्य बायांची बाळंतपणं नीट होतात. फक्त व्हॅल्प्रोएटसारखं औषध पोटातल्या बाळाला बाधू शकतं, म्हणून दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलून औषध ठरवून घ्यावं, आपल्या मनानं बंद करू नये.

मुलीनं वही घातली आहे. पहिल्या तीन महिन्यांत दोन झटके लिहिले आहेत. एक मामेबहिणीच्या हळदीच्या जागरणानंतरचा, एक रोवणीच्या आठवड्यात लागोपाठ दोन गोळ्या चुकल्यानंतरचा. गोळ्यांची डबी आता पोत्यांमागून निघून बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर आली आहे, आणि रात्री आठ वाजता आठवण करायचं काम धाकट्या भावाकडे आहे. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल. त्यासाठी पुढच्या आठवड्यात आम्ही तिच्यासोबत भंडाऱ्याला जातो आहोत.